सासूबाईंना कुठं ठेवायचं? (आमच्या टिळकवाडीच्या सोसायटी ग्रुपवरून)

बी-२०३ वहिनी: नमस्कार. सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन होऊन दीड महिना झाला. आम्ही दोघंही नोकरीवर. बेळगावात चांगलं केअर सेंटर माहीत आहे काय कुणाला?

ए-१०१ काका: सांगून जाऊ नका. रात्री आठनंतर जावा. दिवसा फरशी चकाचक असतेच, रात्री ड्युटीवर किती जणी ते मोजा.

सी-३०२: आमच्या आईचं सांगते. जागेचं नाव लिहीत नाही. न सांगता गेले तर मनगट कॉटला ओढणीनं बांधलेलं! विचारलं तर म्हणे, "नळी ओढतात." आणि परवानगीच्या कागदावर माझीच सही. कागद कन्नडमध्ये, गडबडीत न वाचता केलेली. कंबरेखाली जखम झाली होती. दोन-दोन तासांनी कूस बदलायची असते, खरं बदलणार कोण? एक मावशी, चौदा कॉट.

ए-४०४ सिस्टर: बांधून काही होत नाही हो, माणूस आणखी बिथरतं. कॉट खाली घ्यायची, बेल हाताशी ठेवायची, बाथरूमला वेळेवर न्यायचं. बरेच जण तिकडं उठतानाच पडतात. आणि औषधांची वही मागा. पेशंट दिवसभर गुंगीत असला तर गोळी कुठली, कुणी लिहून दिली, विचारा.

सी-३०२: आईला कन्नड येत नाही. "नीरु" म्हणजे पाणी, तेवढं म्हणायला शिकली. खरं पोटात कळ येते ते कसं सांगायचं?

डी-१०२: ग्रुपवर भाषेचा वाद नको.

सी-३०२: वाद न्हवे हो, कळ कुठं येते ते सांगायचंय. बैलहोंगलची एक मावशी होती, तीच आईकडून मराठी शिकली. तिला बारा तासाला काय देतात, तेही विचारा जाऊन.

डी-१०२: २००७ चा ज्येष्ठांचा कायदा आहे की. एसी (असिस्टंट कमिशनर) ऑफिसात अर्ज द्यायचा.

ए-१०१ काका: तो मुलं सांभाळत नाहीत त्यासाठी. सेंटरनं पैसे घेऊन हयगय केली तर ग्राहक आयोग. आधी १४५६७ ला फोन करा, ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, फुकट. सलाईन-इंजेक्शन देत असतील तर केपीएमई नोंदणी बघा, म्हणजे कर्नाटकातल्या खासगी दवाखान्यांच्या कायद्याखालची.

बी-२०३ वहिनी: सासूबाईंनी आत्ता माझा मोबाईल घेऊन सगळं वाचलं. म्हणतात, "मला कुणी विचारलं?"

ए-१०१ काका: 🙏

सी-३०२: उद्या रात्री आठला जाऊ. त्यांनाही घेऊया, आईची व्हीलचेअर आहे माझ्याकडं.