मदत हवी आहे : रायमुनिया काढली, तिथे रानतुळस आली. चराईच्या जागेचं आता काय करावं?

बोडीकाठ

नमस्कार. आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी-सिंदेवाही पट्ट्यातलं, जंगलाला अगदी लागून. भात, त्यावर थोडी लाखोळी, मोहफूल आणि तेंदूपत्ता यांवर इथली घरं चालतात. गावाला सामूहिक वनहक्क (जवळचं जंगल ग्रामसभेने वापरायचा आणि सांभाळायचा हक्क) मिळालेला आहे आणि मी ग्रामसभेच्या व्यवस्थापन समितीत आहे. आखरापासून (गुरं गोळा करायच्या जागेपासून) नाल्यापर्यंत आमचा वीसेक एकरांचा चराईचा पट्टा आहे, त्याबद्दल विचारायचं आहे. लांबलचक लिहिते आहे, कारण जागा कशी आहे ते कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

पट्ट्याचा निम्म्याहून जास्त भाग रायमुनियाने धरलाय. (तुमच्याकडे घाणेरी किंवा टणटणी म्हणत असतील.) माझ्या सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा तिथे कंबरेएवढं गवत व्हायचं, घरं शाकारायला तेच कापून आणायचे. आता गुरं कडेकडेनं फिरतात आणि अर्धपोटी परत येतात. उन्हाळ्यात चारा संपला की एखादं भुकेलं जनावर रायमुनियाचा पाला खातं. मग त्याचे डोळे पिवळे पडतात, कातडी सोलून निघते, उन्हात उभंसुद्धा राहवत नाही.

पण त्याहून जिवाचा प्रश्न वेगळा आहे. ही जाळी एवढी दाट असते की आत वाघ बसला असेल तर पाच हातांवरूनही दिसत नाही. मार्च-एप्रिलमध्ये बायका पहाटे मोहफूल वेचायला जातात, तासन् तास वाकून असतात. आमच्या भागात काय काय घडतं ते पेपर वाचणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. म्हणून ही जागा मोकळी होणं आमच्यासाठी फार गरजेचं आहे.

आतापर्यंत काय झालं ते सांगते. मागे एका योजनेतून मजूर आले आणि जमिनीलगत कापणी करून गेले. पहिल्या पावसातच एकेका खुंटाला झुबक्याने फुटवे आले आणि जाळी आधीपेक्षा दाट झाली. त्यानंतर ग्रामसभेने श्रमदानातून नाल्याकडचा तुकडा घेतला. टिकास आणि सब्बलीने मुळासकट काढलं. त्या तुकड्यात रायमुनिया जवळपास परत आली नाही. सगळे खूश होते. पुढच्या पावसात मात्र तिथे रानतुळस उगवली. आधी टोंगळ्याएवढी, मग छातीएवढी. तिच्या वासाने गुरं तोंडही लावत नाहीत. भाताची कापणी-बांधणी आटोपली की दिवाळीनंतर आम्ही ती उपटतो, पण दरवर्षी जास्तच येते.

त्यात पावसाचं तंत्र बिघडलेलं. रोवणी लांबत लांबत जुलैच्या शेवटावर जाते, मग दोन दिवसांत महिन्याचा पाऊस कोसळतो, मग मोठा खंड, आणि धान कापायला आलं की पुन्हा पाऊस. रानतुळशीला त्याचं काहीच वाटत नाही. खंडानंतर पाऊस आला की ती नव्याने उगवते. एकाच जागी वाळलेली, फुलावर आलेली आणि नुकतीच उगवलेली अशी तिन्ही दिसते.

तर रानतुळस नेमकी कधी काढावी? मोकळ्या जागेत काय लावावं? उरलेल्या रायमुनियाला आता हात लावावा की आधी हा तुकडा सावरावा? आणि हवामान असंच बदलत राहिलं तर या झाडांचं बळ आणखी वाढणार का? तणनाशक सुचवू नका, ही विनंती. उतार खाली बोडीत (छोट्या तळ्यात) जातो आणि तिथल्या मासोळीवर गावातली ढिवर कुटुंबं जगतात.

गवतवाला

ताई, इतकं नीट मांडलंत म्हणून नेमकं सांगता येतंय. मी मेळघाटाकडे गवताच्या कामात आहे, त्यामुळे तुमच्या जागेला जशाच्या तसं लागू होईल असं समजू नका, पण झाडांचा स्वभाव तोच आहे.

दिवाळीनंतर उपटणं थांबवा. रानतुळस वर्षायू आहे, बी टाकलं की तिचं काम संपलं, त्यानंतर ती स्वतःच मरणार असते. तुम्ही उपटता तेव्हा बी पक्व झालेलं असतं आणि त्या बोंडांना बारीक काटेरी दात असतात. ओढताना निम्मं बी तिथेच सांडतं, उरलेलं कपड्यांना आणि गुरांच्या केसांना चिकटून गावभर जातं. बी भिजलं की सब्जासारखं बुळबुळीत होतं, चिखलाबरोबर खुराला आणि ट्रॅक्टरच्या चाकाला बसतं. तिला फूल येण्याआधी काढायचं. तुमच्याकडे ती वेळ साधारण ऑगस्टमध्ये येईल. जमीन ओली असते, झाड मुळासकट सहज निघतं आणि बी नसल्यामुळे तिथेच कुजवता येतं.

तारीख मात्र ठरवू नका. पाऊस लांबला तर तिचं उगवणंही लांबेल. समितीतल्या कोणाकडे तरी दर आठवड्याला एक फेरी मारायचं काम द्या. वरच्या पानांच्या बगलेत पहिल्या कळ्या दिसल्या की गावाला हाक द्यायची. तुम्ही लिहिलंत तशी खंडानंतरची दुसरी उगवण होते, तिच्यासाठी दुसरी फेरी लागेल, मग ती सप्टेंबरात येवो की ऑक्टोबरात. जमिनीत जुनं बी साठलेलं असतं, त्यामुळे किमान तीन पावसाळे खंड न पाडता करावं लागतं. एक वर्ष सोडलं तर पुन्हा तेवढंच बी पडतं.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या तुकड्यात रायमुनिया गेली आणि जमीन उघडी राहिली. जाळीखाली वर्षानुवर्षं दुसरं काही उगवलेलं नसतं, त्यामुळे देशी गवताचं बी तिथे फारसं उरत नाही. रानतुळशीचं बी मात्र कडेने, वाटेने, नाल्याने येतच असतं. जागा रिकामी ठेवली तर जो आधी पोहोचेल त्याची होते. म्हणून जेवढ्या जागेत गवत लावता येईल तेवढीच जागा त्या वर्षी मोकळी करायची. बाकीच्या रायमुनियाला तूर्त हात लावू नका. मोहाच्या झाडांभोवतीचा आणि पायवाटेच्या दोन्ही बाजूंचा भाग तेवढा आधी घ्या. जिवाचा धोका तिथे आहे.

लावायचं काय? बाहेरून काही आणायची गरज नाही. धुऱ्यावर, गावतळ्याच्या पाळीवर, स्मशानाच्या जागेत जुनी गवतं अजून असतात. पवन्या, शेडा, मारवेल. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओंब्या पिकल्या की मुठीने ओरबाडून बी गोळा करायचं, सावलीत वाळवून पोत्यात ठेवायचं. बहुतेक रानगवतांचं ताजं बी नीट उगवत नाही, उन्हाळाभर ठेवलेलं बरं. पहिल्या चांगल्या पावसाच्या आसपास माती आणि शेणात कालवून फेकायचं. मारवेलाचे ठोंब काढून लावले तर आणखी लवकर जमतं. पहिली दोन वर्षं त्या तुकड्यात गुरं सोडायची नाहीत, गवत कापून न्यायचं. गावात यावरून भांडणं होतात, म्हणून हे ग्रामसभेत आधी ठरवून घ्या.

रायमुनियासाठी तुमची पद्धत बरोबरच आहे, फक्त श्रम वाचवता येतील. सगळं मूळ उकरायची गरज नसते. खोड आणि मूळ जिथे जुळतं त्या गाठीतून फुटवे येतात. जमिनीखाली दोन-तीन बोटांवर मुख्य मूळ तोडून गाठीसकट वरचं झुडूप काढायचं आणि उलटं ठेवायचं, म्हणजे गाठ मातीला टेकत नाही. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी ही पद्धत बसवली आणि कॉर्बेटच्या जंगलात ती वापरली गेली. त्यानंतर पक्षी ज्या झाडांवर बसतात त्यांच्या खाली नजर ठेवा. बुलबुल फळं खातात आणि बी तिथेच टाकतात.

ढोरकी

गुरांबद्दल. पाला खाल्लेलं जनावर आधी सावलीत बांधा, ऊन लागू देऊ नका, आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा. ते विष यकृतावर जातं. कातडी सोलण्याची वाट पाहिली तर उशीर होतो जी. बाहेरून विकत आणलेली गुरं जास्त खातात, इथे वाढलेली सहसा टाळतात.

आमच्याकडे एकाने तरोटा पेरायला सांगितला होता, तो रानतुळशीला दाबतो म्हणून. कोणाला अनुभव आहे का?

गवतवाला

तरोटा गाजर गवताला दाबतो हे खरं आहे, रस्त्याच्या कडेला आणि पडीत जागेत तो उपयोगाचा. पण गुरं त्यालाही तोंड लावत नाहीत. कोवळा असताना भाजी चांगली होते, तेवढी घरापुरती. चराईच्या जागेत पेरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मोसमी

हवामानाच्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही म्हणून लिहिते. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, माहेर भंडाऱ्याचं.

बोडीकाठताई, पावसाबद्दल तुम्ही जे पाहताय त्याला नोंदींचा आधार आहे. भारतीय हवामान विभागाने २०२० साली मान्सूनच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरवल्या. जुन्या तारखा १९०१ ते १९४० च्या नोंदींवर बेतलेल्या होत्या. नव्या तारखांत महाराष्ट्रासह मध्य भारतात मान्सूनचं आगमन तीन ते सात दिवसांनी पुढे गेलं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. म्हणजे कोसळणारा पाऊस वाढला. असा पाऊस उघड्या जमिनीची माती आणि तिच्यातलं बी नाल्याने खाली नेतो. तुमचा तुकडा नाल्याकडचा आहे, तेव्हा वरच्या बाजूच्या गावांतून काय वाहत येतं तेही एकदा बघा.

दुसरी गोष्ट हवेची. कारखाने येण्यापूर्वी हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सुमारे २८० भाग होता, आता तो ४२० च्या वर आहे. मारवेल, पवन्या, कुसळी ही आपली गवतं कमी कार्बन डायऑक्साइडमध्ये आणि कडक उन्हात तग धरायला घडलेली आहेत. उन्हात हा वायू घेऊन अन्न बनवायच्या त्यांच्या पद्धतीला सी-फोर म्हणतात. हा वायू वाढला तरी त्यांना त्याचा तसा कमीच लाभ होतो. घाणेरीसारख्या झुडपांची पद्धत सी-थ्री, त्यांना जास्त होतो. म्हणून गवत आणि झुडूप यांच्या झुंजीत हवा थोडी झुडपाच्या बाजूने झुकते आहे.

पण याचा अर्थ घाणेरी सगळीकडे वाढतच जाणार असा नाही. फार कोरड्या, फार तापणाऱ्या जागा तिलाही झेपत नाहीत. तुमच्या पट्ट्यात पाऊस भरपूर आहे, त्यामुळे तुमच्याकडे ती मागे हटेल अशी आशा मी धरणार नाही. १८०९ च्या सुमारास ती शोभेचं झाड म्हणून कलकत्त्याच्या उद्यानात आणली गेली. भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी २०२० साली मांडलं की ती देशात सुमारे दीड लाख चौरस किलोमीटर जंगलात पसरली आहे आणि वाघाच्या मुलखाचा जवळपास ४० टक्के भाग तिच्या विळख्यात आहे. हे आकडे घाबरवण्यासाठी देत नाही. तुमच्या गावावर आलेली ही गोष्ट देशभरची आहे, आणि वीस एकरांतली ग्रामसभा जे रोजच्या रोज बघून करू शकते ते मोठ्या योजनांना जमत नाही.

टेकडीखालचा

दोन गोष्टी सुटल्या.

एक म्हणजे आग. मोहफूल नीट दिसावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, तीच आग रायमुनियात शिरते. ती हिरवीसुद्धा पेटते आणि आग वर चढवते. मोठी झाडं होरपळतात, रोपं मरतात, आणि रायमुनिया मात्र बुडातून पुन्हा फुटते. मग तिला ऊनही जास्त मिळतं. उन्हाळे तापत चाललेत, तसा हा धोका वाढणार. मोहाखाली जाळण्याऐवजी झाडून घ्या किंवा फुलं झेलायला नेट बांधा. गवताच्या तुकड्याभोवती फेब्रुवारीतच जाळरेषा (आग अडवणारी मोकळी पट्टी) काढा.

दुसरं, उताराची जागा एका दमात उघडी करू नका, सगळी माती तुमच्या बोडीत जाईल. आडवे पट्टे घ्या, मधले राहू द्या. काढलेली झुडपं समपातळीत रचली तर माती अडते, फक्त बुडखे वर ठेवा. आणि जाळीत शिरताना ताई, उजेडात, घोळक्याने, ढोलकी-डबे वाजवत जा. आधी वनरक्षकाला सांगा. पिल्लं असलेली वाघीण त्या जाळीत असू शकते.

बोडीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. ढोरकी भाऊ, सावलीचं आजच गुराख्यांना सांगितलं.

समितीत बोलणं झालं. यंदा नवीन तुकडा घ्यायचा नाही, फक्त मोहाखालची आणि वाटेकडेची रायमुनिया काढायची. नाल्याकडच्या तुकड्यात कळ्या दिसल्या की उपटायला जायचं. अडचण अशी की तो काळ निंदणाचा असतो, घरातला प्रत्येक हात बांधीत गुंतलेला. त्यामुळे दिवसभर न जाता सकाळी दोन तास, वाडीवार पाळ्या लावून करू. हे काम रोजगार हमीत बसवता येतं का ते तालुक्याला विचारायला दोघं जणी जाणार आहेत. कोणाच्या ग्रामसभेने गवत लागवडीचं किंवा रायमुनिया काढण्याचं काम त्यात मंजूर करून घेतलं असेल तर आराखड्यात ते कोणत्या नावाने लिहिलं ते कृपया सांगा.

बियाण्यासाठी सासूबाई आणि त्यांच्या बरोबरीच्या बायकांना घेऊन पाळीवर गेले होते. मारवेल आणि पवन्या त्यांनी लगेच दाखवले. आणखी एक गवत दाखवलं, शाकारायला हेच वापरायचे म्हणतात. पातं रुंद, वास येत नाही, ओंबी तांबूस, बांबूच्या सावलीतही उभं आहे. नाव त्यांनाही आठवत नाही. गवतवाला दादा, ओंबी पिकली की फोटो टाकते, बी गोळा करण्याजोगं आहे का ते सांगाल?

गवतवाला

नक्की. ओंबीचा जवळून, पातं आणि खोड जुळतं तिथला, आणि बुंध्याचा, असे तीन फोटो टाका. तोवर ते कोणी कापू नये एवढं बघा.