मदत हवी आहे : घरच्या मटारला गोडी का येत नाही?

नमस्कार. पुण्यातील आमच्या गच्चीवर ऑक्टोबरअखेर मोठ्या कुंड्यांमध्ये मी वाटाणा पेरला होता. बियाणे म्हणून उसळीसाठी किराणा दुकानातून आणलेला सुका हिरवा वाटाणाच रात्रभर भिजवून वापरला. उगवण चांगली झाली, वेल काठ्यांच्या आधाराने चढले, पांढरी फुले आली आणि शेंगाही भरल्या. तक्रार आहे ती चवीची. अगदी कोवळे दाणे बरे लागतात. मात्र शेंग टच्च भरली की दाणा पिठूळ होतो, आणि पावसाळ्यात सासवडकडून येणाऱ्या मटारची गोडी त्यात नावालाही नसते.

शेंग तोडल्यावर दाण्यातील साखरेचे पिष्टात रूपांतर होत जाते, हे मला ठाऊक आहे. परंतु आम्ही शेंगा तोडून त्याच तासाभरात सोलून शिजवतो, त्यामुळे ते कारण येथे लागू पडत नसावे. खत म्हणून केवळ शेणखत दिले आहे. आता जानेवारीत खालच्या पानांवर पांढरी भुकटी दिसू लागली आहे, तिचा चवीशी संबंध असेल का? आणि लगेच पुन्हा पेरणी केल्यास उपयोग होईल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ :
खतपाण्याला दोष देऊ नका, हा बियाण्याचा गुण आहे. डब्यात उरलेले सुके दाणे तळहातावर घेऊन पाहा. ते गोल आणि गुळगुळीत असतील. उसळीसाठी आणि रगड्यासाठी विकला जाणारा वाटाणा वाळवून साठवण्यासाठीच घेतला जातो आणि त्यात पिष्ट भरपूर असते. भाजीच्या मटारचे बी वाळल्यावर सुरकुतते. या जातींमध्ये पिष्टाच्या रेणूला फांद्या फोडणारे एक विकर (एन्झाइम) नीट तयार होत नाही, म्हणून पिष्ट कमी बनते व साखर अधिक शिल्लक राहते. त्या साखरेमुळे हिरवा दाणा जास्त पाणी ओढून फुगतो आणि वाळताना तेवढाच आक्रसतो. ग्रेगोर मेंडेल यांनी ब्रनो येथील मठाच्या बागेत १८५६ पासून वाटाण्याच्या ज्या सात गुणांचा माग काढला, त्यांपैकी एक म्हणजे दाणा गोल की सुरकुतलेला हाच होता. त्यामागील जनुकाची ओळख पटायला मात्र १९९० साल उजाडावे लागले. फुलांच्या रंगावरून येथे काहीच कळणार नाही, कारण दोन्ही प्रकारांना पांढरी फुले येतात.

पुढच्या वेळी कृषी सेवा केंद्रातून अर्केल किंवा बोनव्हिला या जातीचे बी घ्यावे. दोन्हींचे बी सुरकुतलेले असते. अर्केल ठेंगणी आणि लवकर येणारी असल्याने कुंडीसाठी मला तीच अधिक सोयीची वाटते. बोनव्हिला उशिरा येते आणि तिला उंच आधार लागतो.

प्रतिसाद २ :
वरील उत्तराशी सहमत आहे. पानांवरची भुकटी म्हणजे भुरी रोग. कोरडे दिवस आणि थंड रात्री असल्या की तो वाटाण्यावर हमखास येतो. तो वाढला तर शेंगा नीट भरत नाहीत, पण तुमच्या दाण्यांचा पिठूळपणा त्याच्यामुळे आलेला नाही. रोगट पाने काढून टाका आणि पाण्यात विरघळणारे गंधक वेष्टनावरील प्रमाणात, ऊन उतरल्यावर फवारा. भर उन्हात फवारल्यास पाने करपतात.

आता पेरणी करू नये. आज पेरलेल्या वेलाला मार्चमध्ये फुले येतील आणि पारा तिशीच्या वर गेला की ती गळतील. त्यापेक्षा ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत थांबावे. सध्याचे वेल संपल्यावर उपटून फेकू नका, जमिनीलगत कापा. मुळांवरील गाठींत जिवाणूंनी साठवलेले नत्र त्याच कुंडीतल्या पुढच्या पालेभाजीला मिळेल. राहिलेल्या शेंगा वेलावरच पूर्ण वाळू द्या. पिठूळ दाणा रगड्याला उत्तम असतो, तो चांगला मिळून येतो.