'अर्ध्या तासात अर्थसंकल्प मंजूर' याचं कौतुक कसलं?

पाटावरचं_पाणी
'जिल्हा परिषदेला सदस्य हवेतच कशाला?' ही कालची पोस्ट वाचून डोकं उठलं. म्हणे प्रशासक आल्यापासून आरडाओरडा नाही, सभात्याग नाही, अर्ध्या तासात अर्थसंकल्प मंजूर. खाली टाळ्यांची रांग.

अहो, मंजूर होणारच! मार्च २०२२ मध्ये २५ जिल्हा परिषदांची मुदत संपली, ओबीसी आरक्षणाचं प्रकरण कोर्टात अडकलं आणि सीईओ, म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले. आता खातेप्रमुख टिपणी पाठवणार सीईओंकडे, सीईओ ती ठेवणार प्रशासकांपुढे, आणि प्रशासक खुर्चीतून न उठता ती मंजूर करणार. सूचक तेच, अनुमोदक तेच. अर्धा तास तरी का लागला कळत नाही. चहा उशिरा आला असेल.

परिषदेतून जाणाऱ्या पैशात मोठा वाटा शिक्षकांच्या पगाराचा आणि शासनाच्या योजनांचा. तो नुसता इकडून तिकडे जातो. आपला म्हणावा असा उरतो सेस: मुद्रांक शुल्कातला वाटा, जमीन महसुलावरचा उपकर, ठेवींचं व्याज. त्यातून २० टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणला, ५ टक्के दिव्यांगांसाठी बाजूला काढायचे. राहिलेल्यात शाळेची कौलं बदलायची की सभागृहाला एसी बसवायचा, एवढाच प्रश्न असतो. नेमका तोच विचारायला प्रशासकाच्या राज्यात कुणी नाही.

निवृत्त_लिपिक
बत्तीस वर्षं काढलीत त्या इमारतीत. सदस्यांनी कौलांबद्दल विचारलेलं काही आठवत नाही. 'समान वाटप' आठवतं. उरलेला सेस घ्यायचा, सदस्यसंख्येने भागायचा, ज्याच्या त्याच्या गटात, म्हणजे मतदारसंघात टाकायचा. मग गरज असो नसो, चौकाचौकात हायमास्ट दिवे.

आणि ते 'ऐनवेळचे विषय'! विषयपत्रिकेवर बारा, इतिवृत्तात अठ्ठेचाळीस. सभा झाल्यावर पंधरा दिवसांनी ती ऐनवेळ यायची. इतिवृत्त मीच लिहायचो, जास्त बोलायला लावू नका.

पाटावरचं_पाणी
म्हणजे लिहिलंत तुम्हीच.

निवृत्त_लिपिक
लिहिलं. दोन मुलींची लग्नं व्हायची होती.

घाटमाथा
काका, पण त्या सदस्याला गाठून शिव्या तरी घालता यायच्या. आमच्या शाळेची भिंत खचली तेव्हा सकाळी सातला पन्नास बायका त्याच्या दारात. महिन्याभरात दुरुस्तीच्या खर्चाचं अंदाजपत्रक झालं. आता जायचं कुठे? जिल्ह्याचं ठिकाण एसटीने अडीच तास, आणि गेलं की शिपाई म्हणतो, साहेब व्हिडिओ मीटिंगमध्ये आहेत.

निवृत्त_लिपिक
अंदाजपत्रक झालं. भिंत झाली का?

घाटमाथा
...नाही.

सुगरणीचा_खोपा
तुमच्या भिंतीचं चालू द्या. मला त्या १० टक्क्यांवर बोलायचंय. माझ्या आत्याला शिलाई मशीन मंजूर झालं. पत्र आलं, पेढे वाटले. मग कळलं की आधी स्वतःच्या पैशाने मशीन घ्यायचं, जीएसटीचं बिल जोडायचं, मशीनशेजारी उभं राहून फोटो काढायचा, त्यानंतर पैसे खात्यात. विधवा बाई, रोजाने जाते. जवळ पैसे असते तर अर्ज कशाला केला असता? बचत गटातून शेकडा दोनने उचलले. पैसे आले दुसरा दसरा उलटल्यावर.

निवृत्त_लिपिक
ताई, ५ डिसेंबर २०१६ चा शासन निर्णय आहे तो, आणि तो उगाच निघालेला नाही. आधी आम्ही वस्तूच वाटायचो. ठेकेदार एक, दर बाजाराच्या दीडपट, आणि सायकलची चेन शाळेच्या फाटकापर्यंत टिकत नव्हती. वाटपाला पुढाऱ्याची वेळ मिळेना म्हणून गोदामात गंजलेले फवारणी पंप मी स्वतः मोजलेत.

घाटमाथा
त्यातला एक आमच्याकडे आहे. कोंबडी बसते त्यावर.

सुगरणीचा_खोपा
म्हणजे चोरी ठेकेदाराची, शिक्षा आत्याला? दुकानदाराला थेट पैसे द्यायला काय झालं होतं?

उगाच_एक
मग तोच ठेकेदार दुकान टाकेल. आमच्या तालुक्यात टाकलंय. नुसती बिलं फाडून मिळतात. मशीन एकच, फोटोत बाया चार.

सुगरणीचा_खोपा
माझ्या आत्याला चोर म्हणताय?

उगाच_एक
तुमच्या आत्याला ओळखतो कोण? आमच्या तालुक्याचं सांगतोय.

सुगरणीचा_खोपा
नाव शोभतंय तुम्हाला. या कधी घरी, बघून जा. गुडघ्याला पट्टी बांधून पायडल मारते ती. मशीन फोटोपुरतं नाही.

पाटावरचं_पाणी
मंडळी, धागा अर्थसंकल्पाचा आहे.

सुगरणीचा_खोपा
हाच अर्थसंकल्प! आमच्यापर्यंत त्यातलं एवढंच पोचतं. आणि दादा, तिचा अर्ज तुमच्या लाडक्या सदस्यांच्याच काळातला. यादीत नाव घालायला सदस्यबाईंच्या यजमानांना भेटावं लागलं. बाईंना आम्ही बॅनरवरच पाहिलं.

पाटावरचं_पाणी
हे खरं आहे, नाकारत नाही. पण यजमानांचं घर तरी ठाऊक होतं ना? पैसे रखडले तेव्हा कुणाच्या दारात गेली?

सुगरणीचा_खोपा
तोवर प्रशासक आले होते. चार फेऱ्या झाल्या. एकदा 'तरतूद संपली', एकदा 'बीडीएस निघाली नाही', एकदा 'मार्च एंड', आणि एकदा टेबलावर कुणीच नव्हतं.

निवृत्त_लिपिक
थांबा. बीडीएस? म्हणजे निधी सोडायची ऑनलाइन मंजुरी. ती शासनाच्या अनुदानाला लागते. सेस परिषदेचा स्वतःचा पैसा, त्याला कुठली बीडीएस? टोलवलंय तिला.

पाटावरचं_पाणी
आणि हे विचारायला सभेत कुणी असतं तर?

निवृत्त_लिपिक
तर वित्तवाल्यांना उभं राहून उत्तर द्यावं लागलं असतं. घ्या, दिला तुमचा मुद्दा. शंभरातला एक सदस्य विचारायचा असं, बाकीचे हायमास्टवाले. त्या एकासाठी तुमचा धागा मंजूर.

सुगरणीचा_खोपा
मंजूर काय करताय काका, वर्षभराचं व्याज गेलं तिचं. ते कोण देणार?

निवृत्त_लिपिक
व्याजाला लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं खातंच नाही, ताई.