शांतवेळ मिळत नाही, मग पवित्रीकरण थांबलं का?

रात्रपाळी:
सासऱ्यांना विस्मरणाचा आजार आहे. दिवसा त्यांच्यामागे, रात्री वॉर्डात ड्यूटी. लग्नाआधी पहाटे उठून शास्त्रपाठ, प्रार्थना, वहीत टिपणं अशी देवासोबतची शांतवेळ व्हायची. आता ती वही कुठे आहे तेही ठाऊक नाही. मंडळीच्या सहभागितेत, म्हणजे प्रार्थनेच्या बैठकीत, 1 थेस्सलनीकाकरांस 4:3 वर बोलणं निघालं (तुमचं पवित्रीकरण, म्हणजे पवित्र होत जाणं, ही देवाची इच्छा आहे), तेव्हा एक बाई म्हणाल्या, पहाटेचा तास सुटला की माणूस घसरलाच. मनाला लागलं. सासरे दुपारभर एकच विचारतात, ‘आई आली का?’ आई जाऊन जमाना झाला. मी म्हणते, ‘तुमचं जेवण झालं की बघू.’ दोन घास खातात, परत तेच. या अशा दुपारी माझं पवित्रीकरण बंद असतं का? धीर नका देऊ, खरं काय ते सांगा.

रविवारच्या शाळेतला जुना मास्तर:
ताई, नीतिमान ठरणं, म्हणजे देवापुढे निर्दोष ठरणं, एकदाच होतं, देवाने निकाल दिला की विषय संपला. पवित्रीकरण जन्मभर चालतं. पण त्याचीही सुरुवात तुमच्या पहाटेपासून नाही. बायबलमधली करिंथची ख्रिस्ती मंडळी आठवा. गटबाजी, एकमेकांवर खटले, प्रभुभोजनाला एक उपाशी तर दुसरा झिंगलेला. तरी प्रेषित पौल त्यांना लिहिलेल्या पत्राच्या सुरुवातीलाच त्यांना ख्रिस्त येशूमध्ये पवित्र केलेले म्हणतो, कान उपटतो ते त्यानंतर. फिलिप्पैकरांस 2:12-13 मध्येही आपलं तारण साधून घ्या म्हणतो, आणि त्याच दमात सांगतो की तुमच्यात इच्छा आणि कृती घडवणारा देव आहे.

आणि गलतीकरांस 5:22-23 मधलं आत्म्याचं फळ बघा. सहनशीलता, ममता, सौम्यता. खोलीचं दार लावून यातलं काय येणार? समोर माणूस लागतो, तोही शक्यतो अवघड. 17व्या शतकात पॅरिसच्या कर्मेली संन्याशांच्या मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा साधू स्वयंपाकघरात राबायचा. कामाची वेळ आणि प्रार्थनेची वेळ त्याला वेगळी वाटत नसे.

बेरिया:
मास्तर, लॉरेन्सचं नाव निघालं की मला धास्ती वाटते. तो मठात होता, प्रार्थनेचे तास ठरलेले होते. ‘माझं कामच माझी प्रार्थना’ म्हणणारे पुष्कळ बघितलेत, काही वर्षांनी नुसतं काम उरतं. येशूसुद्धा पहाटे अंधारात उठून एकांतात गेला, मार्क 1:35.

रात्रपाळी:
पुढचं वचन वाचलंत का? शिमोन शोधत आला, सगळे तुम्हाला शोधताहेत म्हणून. म्हणजे त्यालाही निवांत बसू दिलं नाही! हे वाचून मला जरा हसू आलं. पण बेरिया, तुमचं पटतं. ड्यूटी संपल्यावर माझ्या डोळ्यांपुढे अक्षरं नाचतात, तेव्हा वाचू काय?

बेरिया:
स्तोत्र 131. तीनच वचनं आहेत. पाठ करा आणि सासऱ्यांना भरवताना मोठ्याने म्हणा. वहीचं राहू द्या.

रात्रपाळी:
हे जमेल. आणि त्या बाईंना काय उत्तर देऊ?

रविवारच्या शाळेतला जुना मास्तर:
उत्तर कशाला? आठवड्यातून एक दुपार सासऱ्यांजवळ येऊन बसाल का, असं विचारा. गलतीकरांस 6:2, एकमेकांची ओझी वाहा, हे त्यांना माहीत असेलच.