विंडोज १०चा सपोर्ट संपला: डीटीपीच्या दुकानातल्या पाच मशीनचं काय करायचं?

खानापूर_डीटीपी

नमस्कार मंडळी. खानापुरात डीटीपी आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा मोफत सपोर्ट संपला. एका विक्रेत्याचं म्हणणं, पाचही मशीन बदला. तेवढा खर्च झेपणारा नाही, म्हणून सगळा तपशील इथं देतो.

१ आणि २ नंबर: आय३-४१३०, एच८१ बोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. यांवर सेवासिंधू या कर्नाटक सरकारच्या पोर्टलवरचे अर्ज, भूमी या जमिनीच्या नोंदींच्या पोर्टलवरचे उतारे, ईमेल आणि प्रिंट.

३ आणि ४ नंबर: आय५-८४००, एच३१० बोर्ड, ८ जीबी रॅम, २४० जीबी एसएसडी, विंडोज १० प्रो. तीनवर कोरल ड्रॉ, मराठी फाँटचं श्रीलिपी आणि कन्नड टायपिंगसाठी नुडी. चारवर टॅली, जीएसटी आणि डिजिटल सहीचं टोकन.

५ नंबर: जुना ड्युअल कोर, २ जीबी रॅम, विंडोज ७, ३२ बिट. यात पेजमेकर ७, पंधरा वर्षांच्या लग्नपत्रिका आणि हँडबिलं, श्रीलिपीचं यूएसबी डोंगल (परवान्याची किल्ली), शिवाय डॉसच्या फॉक्सप्रोमधलं जुनं बिलिंग.

प्रिंटर: कॅनन एलबीपी २९००बी, एचपी लेझरजेट १०२०, एप्सन एलएक्स-३१०.

विंडोज ११ चालेल का ते तपासणारं 'पीसी हेल्थ चेक' चालवलं तर तीन-चार नंबरलासुद्धा टीपीएम (सुरक्षेची चिप) नाही, सिक्युअर बूट (सुरू होताना सॉफ्टवेअर अस्सल आहे का ते तपासणं) नाही असं दाखवतं. खरंच पाचही मशीन बाद का?

टिळकवाडी_हार्डवेअर

एकही लगेच भंगारात जात नाही. मशीन सपोर्ट संपल्याच्या दिवशी बंद पडत नाही, त्याला सुरक्षेचे दुरुस्ती-अपडेट येणं थांबतं. त्यामुळे प्रश्न असा विचारायचा: कुठलं मशीन नेटवर असतं आणि त्यावर गिऱ्हाइकाची कुठली कागदपत्रं उघडली जातात? त्यावरून क्रम लागतो. तुमच्याकडं चार नंबर सगळ्यात आधी, कारण त्यावर पैशाचा व्यवहार आणि सही.

तीन-चारचं निदान चुकतंय. आठव्या पिढीचा आय५ विंडोज ११च्या यादीत आहे. टीपीएम प्रोसेसरसोबत आलेलाच असतो, बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेला असतो. इंटेलच्या बोर्डावर त्याचं नाव 'पीटीटी', एएमडीवर 'एफटीपीएम'. तो चालू करून पुन्हा तपासा, टीपीएमची तक्रार जाईल.

सिक्युअर बूटचं मात्र घाईनं करू नका ओ. असेंबल करताना विंडोज जुन्या 'लेगसी' पद्धतीनं टाकलं असेल तर डिस्क एमबीआर, म्हणजे जुन्या विभागणी-तक्त्याची असते. तशा डिस्कवर बायोसमधलं सीएसएम, म्हणजे जुनी पद्धत चालवून घेणारी सोय, बंद केलं की मशीन डिस्कच ओळखत नाही आणि सगळा डेटा गेला असं वाटतं. गेलेला नसतो, सीएसएम परत चालू केलं की येतो. बरोबर क्रम असा: पूर्ण बॅकअप, मग विंडोजमधल्याच 'एमबीआर२जीपीटी' या साधनानं त्याच डिस्कचा तक्ता नव्या जीपीटी पद्धतीत बदलणं, आणि त्यानंतरच सीएसएम बंद, यूईएफआय (सुरू होण्याची नवी पद्धत) आणि सिक्युअर बूट चालू. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) लावलेलं असेल तर ते आधी स्थगित करा. साधन चालवताना आधी 'व्हॅलिडेट' पर्याय वापरा, तो नुसती तपासणी करतो, डिस्कला हात लावत नाही. हे सगळं यूपीएसवर. डिस्कचा तक्ता लिहिताना किंवा बायोस अपडेट होताना लाइट गेली तर निस्तरताना दिवस जातो.

विंडोज १० अस्सल परवान्यावर असेल तर ११ला वेगळे पैसे लागत नाहीत. ८ जीबी रॅम टॅलीला पुरे, कोरलच्या मशीनला १६ करा.

१ आणि २ नंबर ११च्या यादीत बसत नाहीत. रूफससारख्या साधनानं तपासणी चुकवून ११ टाकता येतं, पण अशा मशीनला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती पुन्हा हातानं चढवावी लागते. गिऱ्हाइकाचं आधार कार्ड ज्या मशीनवर उघडतं त्यावर हा प्रयोग नको.

चिकोडी_हिशेब

वरच्याला जोडून. लगेच जमणार नसेल तर वाढीव सुरक्षा अपडेट, म्हणजे ईएसयू, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत आहेत. मशीन विंडोज १०च्या २२एच२ आवृत्तीवर हवं. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. तीन वाटा आहेत: सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर ठेवला तर फुकट, रिवॉर्डचे १००० पॉइंट, नाहीतर ३० डॉलर. पैसे भरले तरी मायक्रोसॉफ्टचं खातं लागतंच. एका खात्यावर १० मशीनपर्यंत चालतात. डोमेनला जोडलेल्या ऑफिसच्या मशीनला ही वाट नाही. त्यांचा कंपन्यांसाठीचा दर पहिल्या वर्षी मशीनमागं ६१ डॉलर, आणि पुढं दरवर्षी दुप्पट.

यात फक्त सुरक्षेची दुरुस्ती मिळते. प्रिंटर बिघडला, टॅली उघडेना, तर यातून काही मदत होत नाही. मुदत वाढवून घेतलेला वेळ समजा.

चार नंबरवर ११ चढवताना टोकनचा ड्रायव्हर आधी काढून टाका, ११ स्थिर झाल्यावर टोकन कंपनीचा नवा टाका. जुना तसाच राहिला तर पोर्टलवर सर्टिफिकेट दिसतच नाही, आणि माणूस ब्राउझर बदलत बसतो. ड्रायव्हर फारच जुना असेल तर विंडोज सिक्युरिटीच्या 'कोअर आयसोलेशन'मधली मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षा चालू होत नाही. तिथंच विसंगत ड्रायव्हरची यादी दिसते, त्यातून दोषी कोण ते कळतं. टॅलीचा डेटा फोल्डर वेगळ्या डिस्कवर उतरवा आणि दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. न उघडलेला बॅकअप धरायचा नसतो. रिटर्नची तारीख तोंडावर असताना काहीच हलवू नका.

आणि ११ कोरं टाकून मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं आत गेलात तर नव्या आवृत्तीत डिस्क आपोआप कुलूपबंद होऊ शकते. रिकव्हरी की कागदावर लिहून तिजोरीत ठेवा. उद्या बोर्ड बदलला तर तीच लागणार.

निपाणी_मुक्त

१ आणि २ नंबरचं काम सगळं ब्राउझरमधलं. तिथं विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२, हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाका. एप्रिल २०२९पर्यंत अपडेट आहेत. आधी हार्ड डिस्क काढून २४० जीबीची साटा एसएसडी घाला. या वयाच्या मशीनला सगळ्यात जास्त फरक तिथंच पडतो. रॅम ४ची ८ करा, एच८१ला डीडीआर३ लागते, डीडीआर४ त्या खाचेत बसत नाही.

टाकण्याआधी ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवरून नुसतं चालवून बघा. त्यात इन्स्टॉल न करता प्रिंटर, स्कॅनर, नेट, सगळं तपासता येतं. तुमचा अडथळा प्रिंटरच असणार, तो आत्ताच सांगतो. एचपी १०२० मध्ये स्वतःचं फर्मवेअर साठवलेलं नसतं. दर वेळी चालू केला की संगणकानं ते पाठवावं लागतं. म्हणून एचपीलिप (एचपीचं लिनक्ससाठीचं ड्रायव्हर-पॅकेज) नुसतं असून भागत नाही, त्याचं प्लगइनही उतरवून घ्यावं लागतं. कॅनन २९०० तर कॅप्ट नावाच्या कंपनीच्याच भाषेत बोलतो, लिनक्सवर त्याची कटकट फार. तो विंडोजच्या चार नंबरला जोडा, १०२० लिनक्सला.

टायपिंगची काळजी नको. कीबोर्डच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट आहेच, शिवाय 'कगप' नावाची मांडणी कन्नड आणि मराठी दोन्हीला आहे. कगप म्हणजे कन्नड गणक परिषद, नुडी ज्यांनी केलं तीच संस्था. नुडीवर बोट बसलेल्या माणसाला कन्नडसाठी वेगळं काही शिकावं लागत नाही, आणि त्याच सवयीनं मराठीही येतं.

टोकन लागणारं काम मात्र लिनक्सवर नेऊ नका, ते विंडोजवरच राहू दे.

एक बारीक गोष्ट. इतक्या जुन्या बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलेला असतो. तारीख मागं गेली की प्रत्येक साइट 'सर्टिफिकेट बरोबर नाही' म्हणते, आणि लोक समजतात सपोर्ट संपल्यामुळं झालं. आधी सेल बदला.

शहापूर_अक्षरजुळणी

मशीनचं सगळ्यांनी सांगितलं. माझ्या मते तुमचा खरा ठेवा पाच नंबरमध्ये आहे आणि धोकाही तिथंच. विंडोज ७चा सपोर्ट १४ जानेवारी २०२०ला संपला, क्रोमची त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती १०९. त्याची नेटची वायर आजच काढा. पण त्याहून मोठा प्रश्न म्हणजे त्यातला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडं सारख्या वाचल्या जाणाऱ्या अक्षर-संकेतांत, नाही.

श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये अक्षर म्हणजे इंग्रजीच्या जागेवर बसवलेलं चित्र. फाँट गेला की 'विवाह'च्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांग दिसते. मजकूर शाबूत असतो, वाचणारा फाँट नसतो. म्हणून पहिलं काम: प्रत्येक फाइलची फाँट आत बसवलेली (एम्बेड केलेली) पीडीएफ. निदान दिसणं तरी कायमचं राहतं.

दुसरं काम युनिकोडमध्ये बदल. पेजमेकरमधून मजकूर काढताना फाँटचं पूर्ण नाव आकड्यांसकट लिहून ठेवा. श्रीलिपीच्या सगळ्या मालिकांची मांडणी एक नाही, कन्व्हर्टरला चुकीची मालिका दिली तर निम्मी अक्षरं बरोबर येतात आणि निम्मी भलतीच. तेच जास्त घातक, कारण वरवर बघता बरोबर वाटतं.

चुका कुठं होतात ते ठरलेलं आहे. जुन्या फाँटमध्ये आपण दिसेल तसं टाइप करतो: पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये उलटं, वेलांटी अक्षरानंतर आणि रफाराचा र आधी. ही अदलाबदल कन्व्हर्टरनं करायची असते आणि दोन्ही एकत्र आले की तो घसरतो. म्हणून आधी 'आर्थिक', 'मूर्ती', 'दुसऱ्या', 'कुऱ्हाड', 'द्वितीय', 'शृंगार' एवढे शब्द बदलून बघा. हे सुटले तर बाकीचं बहुतेक सुटतं. पत्रिकेत नावं असतात, ती डोळ्यांनी वाचल्याशिवाय सोडू नका.

नुडीच्या जुन्या फायलींचंही दुखणं हेच. त्याच्या नव्या आवृत्त्यांत युनिकोडचा बदलक सोबत येतो.

तीन नंबरवर ११ टाकल्यावर 'रीजन'च्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह पानावर यूटीएफ-८ची बीटा म्हणून एक टिकमार्क आहे, ती चुकूनही लावू नका. जुने प्रोग्रॅम १२८च्या वरच्या जागांवर जोडाक्षरं ठेवतात, ती टिक लावली की नेमकी तीच फुटतात.

नवं काम युनिकोडमध्येच सुरू करा. लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा हिंदी न ठेवता मराठी ठेवा. ज्या फाँटमध्ये सोय आहे त्यात ल आणि श लगेच आपल्या वळणाचे होतात. गिऱ्हाइकाला कारण कळत नाही, पण हिंदी वळणाचा ल त्याच्या डोळ्याला खटकतो.

खानापूर_डीटीपी

मनापासून आभार. पीटीटी चालू केलं, टीपीएम दिसलं. चार नंबरवर व्हॅलिडेट चालवलं तर ते नापास. सी, डी, ई असे तीन ड्राइव्ह आहेत. आणि फॉक्सप्रोचं बिलिंग ११वर चालेल का? पाच नंबर नेटवरून काढला, पण तिथल्या फायली पेन ड्राइव्हनं न्यायच्या की शेअर फोल्डरनं?

टिळकवाडी_हार्डवेअर

तेच कारण. डी आणि ई 'लॉजिकल' भाग असणार. एमबीआर२जीपीटीला जास्तीत जास्त तीन प्रायमरी भाग चालतात, लॉजिकल एकही नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये हिरव्या चौकटीच्या आत असलेले ते लॉजिकल. डी-ईमधला डेटा बाहेरच्या डिस्कवर न्या, दोन्ही भाग पुसा, उरलेली रिकामी हिरवी चौकटही पुसा, मग व्हॅलिडेट. पास झालं की बदल करा, नंतर यूईएफआयमध्ये मशीन उठतंय ते बघून डी पुन्हा करा. २४० जीबीत ई हवाच कशाला? डेटा कमी असेल तर सरळ ११ कोरं टाकणं जास्त स्वच्छ.

फॉक्सप्रो डॉसचं असेल तर ११वर थेट चालणार नाही. ११ फक्त ६४ बिटचं असतं आणि ६४ बिटच्या विंडोजमध्ये डॉसचे १६ बिटचे प्रोग्रॅम चालवायची यंत्रणाच नाही. जुना हिशेब नुसता बघायचा तर फॉक्सप्रोच्या डीबीएफ फायली लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडतात. बिल काढायचंच असेल तर डॉसची नक्कल करणारा डॉसबॉक्स-एक्स. त्यातून एलएक्स-३१०वर छापताही येतं.

शेअर फोल्डर नको. मे २०१७मधलं वॉनाक्राय, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं, विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या जुन्या पद्धतीतल्या, एसएमबी१मधल्या भगदाडातून एका मशीनवरून दुसऱ्यावर पसरलं. त्याचा पॅच मार्च २०१७मध्येच आला होता, ज्यांनी लावला नाही ते सापडले. आता ७ला नवा पॅचच येत नाही. पेन ड्राइव्ह एकच, फक्त याच कामाचा ठेवा, आणि पाच नंबरला लावण्याआधी दर वेळी चार नंबरवर तपासा. गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह पाचला कधीच नाही.

त्याची हार्ड डिस्क किती वर्षांची आहे? क्लोनझिला या डिस्कची नक्कल करणाऱ्या साधनानं ती पूर्ण एसएसडीवर उतरवा आणि एक हुबेहूब प्रत (इमेज) बाहेरच्या डिस्कवर ठेवा. डोंगल यूएसबी आहे म्हणता, तर पुढं डिस्क२व्हीएचडीनं हेच विंडोज ७ व्हर्च्युअल मशीन (मशीनच्या आतलं आभासी मशीन) करून तीन नंबरवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये चालवता येतं, डोंगल आत जोडता येतं. सक्रियता परत मागेल, परवान्याची चिकटपट्टी जपून ठेवा. आत नेटवर्क अडॅप्टर बंद.

शहापूर_अक्षरजुळणी

व्हर्च्युअल मशीनमध्ये डोंगल धरतंय आणि एक जुनी पत्रिका जशीच्या तशी छापून येते हे बघितल्याशिवाय पाच नंबर मोडू नका की. छापलेली जुनी प्रत शेजारी ठेवून ओळींच्या तुटी जुळवा. प्रिंटर ड्रायव्हर बदलला की पेजमेकर कधी कधी ओळ दुसरीकडं मोडतो, आणि खाली आमंत्रितांची शेवटची ओळ चौकटीबाहेर जाते.