मदत हवी आहे : शेततळ्यात आंघोळीचा स्पंज होईल का? उद्या पैसे भरायचेत

निफाडचा_बागायतदार :
नमस्कार, शेततळं नुसतं भरून पडलंय, त्यात स्पंज शेती करायचीय. व्हिडिओत बघितलं, झांझिबारला बायका समुद्रात दोरीला तुकडे बांधतात, ते वाढले की काढून धुवून विकतात. एक जण बियाणं देतोय, 25 हजार ॲडव्हान्स उद्या संध्याकाळपर्यंत मागतोय. होईल की नाही एवढंच सांगा, लवकर.

गोदाकाठ :
तळं केवढं, पाणी कुठलं, काहीच सांगितलं नाही, कसं सांगणार?

निफाडचा_बागायतदार :
20 लाख लिटरचं, प्लॅस्टिकचा कागद टाकलेलं. पाणी आहे हो भरपूर.

सिन्नरकर :
एवढा खटाटोप कशाला, घोसाळी लावा. मी मांडवावर लावतो, वेलावरच वाळू द्यायची, साल काढायची, बिया झटकायच्या, आतली जाळी राहते तोच स्पंज. शेवटी स्पंज वनस्पतीच ना.

शिकवणीवाली_ताई :
दादा, घोसाळं वनस्पती, समुद्री स्पंज प्राणी. रंध्रीय संघ, शाळेत शिकवतो आम्ही. अंगभर बारीक छिद्रं, आतल्या कॉलर पेशी पाणी ओढत राहतात, त्यातले जीवाणू आणि कण खायचे, पाणी वरच्या मोठ्या छिद्रातून बाहेर. मेंदू नाही, पोट नाही, म्हणून कापलेला तुकडाही जगतो, द्राक्षाची काडी लावतो तसा. आपण अंगाला लावतो तो त्याचा सांगाडा, स्पंजिन नावाच्या प्रथिनाचा.

सिन्नरकर :
प्राणी असेल तर हालत का नाही मग?

शिकवणीवाली_ताई :
अळी असताना पोहतो, एकदा खडकाला चिकटला की कायमचा तिथेच.

बाळाची_आई :
ज्यांच्याकडे खरा समुद्री स्पंज आहे त्यांनी तो उकळू नका प्लीज. मी जंतू मरावेत म्हणून उकळला, आकसून कडक झाला, बाळाला लावता येईना. कोमट पाण्यात धुवा, पिळा, हवेवर वाळवा.

गोदाकाठ :
ताई, तो वेगळा धागा काढा. निफाडकर, पाणी गोडं की खारं?

निफाडचा_बागायतदार :
बोअरचं, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार लिटरला 2200 मिलिग्रॅम. त्यासाठीच तर विचारतोय! खारं पाणी सोसणाऱ्या डॉगरिज खुंटावरची द्राक्षबाग आहे तरी पानांच्या कडा जळतात. म्हटलं समुद्रातलाच प्राणी, त्याला खारं चालेल.

शिकवणीवाली_ताई :
हे पहिल्यांदा सांगायचं ना. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, तुमच्यात 2.2. फरक भरून काढायचा तर 20 लाख लिटरला पासष्ट टन मीठ लागेल आणि नुसत्या मिठाने समुद्र होत नाही, मॅग्नेशियम कॅल्शियम सगळं लागतं. परत ते साचलेलं पाणी, स्पंजला वाहतं लागतं. आणि कागद फाटला तर शेजारची बागसुद्धा जाईल, कृपा करून हे करू नका.

एकलहरेकर :
पण गोड्या पाण्यात स्पंज असतोच की, स्पंजिला. दगडाला, बुडालेल्या काठीला हिरवट थर धरतो, डबकं आटलं तरी त्याचे जेम्यूल, म्हणजे कवचातल्या बारीक कळ्या, टिकतात आणि पाणी आलं की परत वाढतो. म्हणजे अगदीच अशक्य नाही.

शिकवणीवाली_ताई :
असतो, पण त्याच्यात सिलिकाच्या सुया असतात. अंगाला घासला तर खाज सुटेल, विकणार कुणाला?

गोदाकाठ :
बियाणंवाल्याला जात विचारा, तुकडे कुठल्या समुद्रातून आणणार आणि निफाडपर्यंत जिवंत कसे आणणार तेही विचारा.

निफाडचा_बागायतदार :
आत्ताच फोन केला. जात सांगेना, म्हणाला पाण्याचं टेन्शन घेऊ नका, आधी पैसे भरा. नाही भरत. पण मग या पाण्याचं करू काय, दोन वर्षं झाली तळं करून, बँकेचा हप्ता चालूच आहे.

सिन्नरकर :
घोसाळ्याचं बी देतो, पैसे नकोत. मांडवापुरतं बघा आधी, या पाण्यावर येतंय का.

एकलहरेकर :
रोहू-कटला सोडा ना.

गोदाकाठ :
आधी पाणी तपासा. नुसता टीडीएस नको, सोडियम, क्लोराइड वेगळं काढून आणा, रिपोर्ट इथे टाका.

निफाडचा_बागायतदार :
मागच्या उन्हाळ्यातला एक आहे, डाळिंबवाल्या भावाकडे राहिलाय. सकाळी आणतो.