सामाईक, संयुक्त की अविभक्त? आणि आई ‘वारस’ का नाही?

मंडळी, शब्द अडलाय म्हणून विचारते. गोव्यात फोंडा तालुक्यात गावचं घर आहे, बाबा आणि काका दोघांच्या नावावर, एक चौदाच्या उताऱ्यावर (म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत) पण दोघांचीच नावं. बाबा गेल्या वर्षी गेले. काका म्हणतात घर सामाईक, एक भाऊ गेला की दुसऱ्याचं, आणि हे ते लबाडीने म्हणत नाहीत हां, त्यांना खरंच तसंच वाटतं. शब्दकोश बघितला तर सामाईक, संयुक्त, अविभक्त सगळं एकमेकांच्या शेजारी (जैनांचं सामायिक वेगळं, ते ४८ मिनिटांचं ध्यान). मग कागदावर काय लिहायचं? आई, भाऊ, मी असे तिघे वारस हे तरी बरोबर ना?

उत्तर

ताई, काकांचा घोटाळा ‘जॉइंट’ या शब्दामुळे झाला असणार. बँकेत जॉइंट खातं ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असतं, एक गेला की दुसऱ्याला पैसे मिळतात, पण ती बँकेची पैसे देण्याची सोय झाली, त्या पैशांवरचा वारसांचा हक्क त्याने जात नाही. नॉमिनीचंही तसंच. आणि घरजमिनीत तर, दोन भावांची नावं आहेत आणि कागदात वेगळं काही नाही, तर अर्धा अर्धा धरतात, गेलेल्याचा अर्धा त्याच्या घरच्यांकडे. मुलं असताना भावाचा नंबर लागतच नाही.

मला विचाराल तर सामाईक हा वापराचा शब्द आहे. सामाईक विहीर, सामाईक भिंत, सामाईक वाट. कोणाचं किती ते तो सांगत नाही. तुम्हाला हवा ‘अविभक्त हिस्सा’, म्हणजे वांटो, वाटा, किती ते ठरलंय पण कुठला ते नाही, अर्धं घर तुमचं पण पडवी तुमची आणि माजघर काकांचं असं वाटणी होईतो म्हणता येत नाही. ‘संयुक्त’ वाचलं की लोकांना एकत्र कुटुंब आठवतं, तो मी टाळतो.

आता आई. इथे पुण्यामुंबईची पुस्तकं वापरू नका. तिकडे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात बायको मुलांच्या बरोबरीने वारस. आपल्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडची परंपरा, मुक्तीनंतरही ती चालू राहिली, वारसाचा भाग आता गोव्याच्या २०१२ च्या कायद्यात आहे जो २०१६ पासून लागू झाला. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता दोघांची मिळून, म्हणजे आई आधीपासूनच निम्म्याची मालकीण, बाबा असतानाही होती. तिला वारस म्हटलं तर तिचं स्वतःचं तिला बाबांकडून मिळालं असा अर्थ होतो, आणि ते मला अजिबात पटत नाही.

घराचे आठ वाटे धरा. चार काका-काकूचे. चार बाबांच्या बाजूचे, त्यातले दोन आईचे स्वतःचे. उरले दोन, वारसा फक्त तेवढाच, एक तुम्हाला एक भावाला, मुलगा मुलगी फरक नाही. मृत्युपत्र असलं तरी त्या दोनातला एक तुम्हा दोघांसाठी राखीवच, बाबांना तो दुसऱ्याला देता आला नसता.

वकील आईला ‘मोयटी होल्डर’ म्हणतील. मराठीत अर्धेली सुचते पण ती शेतीतली, तेव्हा सरळ ‘निम्म्या हिश्श्याची मालकीण’ लिहा. आणि इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतल्या वाटणीची कोर्टातली कारवाई, घालाल तेव्हा ‘काबेसा दि काझाल’ असा शब्द कानावर येईल, शब्दशः जोडप्याचा प्रमुख, कोर्टापुढे मालमत्तेची यादी ठेवणारा माणूस, तुमच्याकडे ती आईच. घाबरू नका त्याला.

प्रश्नकर्ती

खूप आभार. मसुद्यात ‘आम्ही तिघे वारस’ लिहिलं होतं, उद्याच बदलून घेते. आईला वाटे मोजून दाखवले तर तिने दोनदा विचारलं, बाबा असतानाही होते माझे? काकांशी तीच बोलेल, त्यांचं तिच्याशी बरं जमतं.